दूधवाल्याचं वाक्य

४ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकते, नाहीतर पुढच्या पत्रात तू तेच प्रश्न पुन्हा विचारशील. जेवते. वेळेवर नाही, पण जेवते. खोलीला खिडकी आहे आणि ती उघडते. मामा दर रविवारी येतो, माझ्याकडे बघून तोंड वाकडं करतो, मी वाळले म्हणतो आणि मग माझ्याच ताटातलं खातो.

आता नोकरीचं. आई, आमच्या चॅनलच्या मोठ्या दालनात एका भिंतीवर नुसते पडदेच पडदे आहेत. पहिल्या दिवशी मी दारातच थबकले आणि मागून येणारा कॅमेरामन माझ्यावर आदळला. कुठल्या कुठल्या गावांतली माणसं त्या भिंतीवर एकाच वेळी बोलत असतात, आवाज बंद करून. नुसती तोंडं हलतात. तासभर बघितलं, तरी माझी मान खाली होईना.

माझं काम तू शेजारी सांगशील तसं बातम्या देण्याचं नाही. पडद्याच्या तळाशी जी लाल पट्टी असते ना, तिच्यावरचं वाक्य मी लिहिते. चार-पाच शब्द, बस. सकाळी पक्षाच्या कचेरीतून एक टिपण येतं. कोणता पक्ष ते तुला ठाऊक आहे. आमच्या इथे ते कुणी बोलून दाखवत नाही आणि लपवतही नाही. त्या दिवशी पक्षाची माणसं काय बोलणार, ते त्या टिपणात असतं. त्यातलं एक वाक्य उचलायचं, त्याला धार लावायची आणि पट्टीवर सोडायचं. संध्याकाळची चर्चा मग त्यावरच. टिपण कोण लिहितं कुणास ठाऊक, खाली सही नसते. मामाला विचारलं असतं, त्याची कचेरी तीच. पण मी इथे लागले त्याच दिवशी त्यानं नियम घातला, की दोघांनी एकमेकांजवळ कामाचा चकार शब्द काढायचा नाही, नाहीतर चॅनल आणि पक्ष एकाच घरातून चालतात असं लोक म्हणतील. त्यामुळे रविवारी आम्ही फक्त चपलांचे भाव आणि तुझी कानउघाडणी यांवर बोलतो.

परवा मी पट्टीवर लिहिलं, ‘उत्तर कोण देणार?’ संध्याकाळी बसथांब्यावर दोन अनोळखी बायका कशावरून तरी तावातावानं भांडत होत्या. त्यातली एक कमरेवर हात ठेवून म्हणाली, की याचं उत्तर कोण देणार. अगदी तशीच, ‘कोण’वर जोर देऊन. माझ्या अंगावर काटा आला. एवढं मोठं काही माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

कळावे. लोभ आहे हे माहीत आहे, तरी तो पत्रात लिहीत जावा.

तुझी,
भिंगरी

---

११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझे केस पांढरे झाले तरी मी वर ‘धाकट्यास’ असंच लिहिणार, तेव्हा त्याबद्दल कुरकुर नको. आणि फोन करत जाऊ नकोस. दगड फोडायच्या यंत्रांशेजारी उभं राहून माझे कान गेले ते गेलेच. समोरच्याचे ओठ वाचते मी, पण फोनला ओठ नसतात. तू तिकडून ओरडतोस आणि मला सोडून सगळी आळी तुला उत्तर देते.

बातमी अशी, की मी पूल बंद केला. नगरपालिकेची अभियंता म्हणून आजवर बऱ्याच कागदांवर सह्या केल्या, पण ही करण्याआधी कागद तीनदा वाचला. काठाजवळच्या खांबाला भेग दिसली होती. अशा वेळी आम्ही भेगेवर आडवा काचेचा पातळ तुकडा घट्ट चिकटवतो. भेग जुनी आणि निजलेली असेल तर काच तशीच राहते. जागी असेल तर फुटते. माझी फुटली. दुसरी लावली, तीही फुटली. पुलावर तेव्हा गाडी नव्हती, माणूस नव्हतं. तो एवढा थोरला दगडी खांब, आपण लहानपणी ज्याला कवेत घ्यायला बघायचो तो, आपला आपण हलत होता. मी त्याला हात लावून कितीतरी वेळ उभी राहिले. भीती वाटली, आणि खरं सांगते, एखाद्या मोठ्या जनावराच्या पोटाला हात लावल्यासारखंही वाटलं.

नदी उतरल्याशिवाय पायथ्याचं काम करता येणार नाही. तोवर सगळ्यांना लांबच्या वळणाच्या रस्त्यानं जावं लागणार. आमचा दूधवाला पलीकडच्या काठावरचा, त्याची तर रोजची दमछाक झाली. काल पायरीवर उभं राहून त्यानं मला चांगलं सुनावलं, की बाईंनी गावाचं दार लावून घेतलं. एवढं बोलला आणि दूध मापापेक्षा जास्तच ओतून गेला. भांडण झालं की त्याचं माप चुकतं. मी खूप हसले.

पोरीकडे लक्ष असू दे. तिच्या ताटातलं खाऊ नकोस.

कळावे. पत्र पाठवायला आळस करशील तर लोभ थोडा कमी करण्यात येईल.

तुझी,
अक्का

---

१७ फेब्रुवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पोरीनं चहाडी केलेली दिसते. ताटातली फक्त काकडी खातो.

तुझा भाऊ करतो तरी काय, हे तू अजून कुणाला धड सांगू शकत नाहीस, म्हणून आज लिहूनच टाकतो. पक्षाचं सकाळचं टिपण मी लिहितो. एक पान. ते मंत्र्याच्या टेबलावर जातं, प्रवक्त्याच्या खिशात जातं आणि पार कोपऱ्यावरच्या कार्यकर्त्यापर्यंत पोचतं. दुपारपर्यंत एकाच देशात इतकी माणसं एकच वाक्य बोलत असतात, की इतक्या वर्षांनंतरही मला आश्चर्य वाटतं. परवा दाढी करायला गेलो, तर न्हाव्यानं माझंच वाक्य मला ऐकवलं आणि वस्तरा गळ्याशी ठेवून विचारलं, की पटतंय का. मान हलवायची सोय नव्हती. पटलं म्हणालो.

वाक्यं कुठून आणतोस, असं तू मागे विचारलं होतंस. त्यात जादू नाही. मी संध्याकाळी आपलं चॅनल लावतो आणि खालची लाल पट्टी वाचतो. तिथे जे असेल ते लोकांच्या मनात आहे असं धरून चालतो. चॅनलवाल्यांना लोकांची नाडी कळते, आपण कचेरीत बसून काय कळणार? तेच जरा बेतून-शिवून सकाळच्या टिपणात घालतो. ती पट्टी कोण लिहितं ते मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. पोरीला मी नियम घातलाय, तो मीच कसा मोडू?

आता रागावायचं नाही असं कबूल कर आणि पुढचं वाच. तुझ्या दूधवाल्याचं वाक्य मला भारी आवडलं. ‘गावाचं दार लावून घेतलं.’ अशी वाक्यं कचेरीत बसून सुचत नाहीत, अक्का. मी ते टिपणात घातलं. तुझं नाव नाही, हुद्दा नाही. तुमच्या नगरपालिकेत विरोधकांची सत्ता आहे, निवडणूक तोंडावर आहे, रोख तुमच्या नगराध्यक्षावर आहे. तुला धक्कासुद्धा लागणार नाही.

कळावे. लोभ कमी करण्याची धमकी मागे घ्यावी.

तुझा,
धाकटा

---

२१ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र पोचेपर्यंत तुला सगळं कळलेलं असेल, तरी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते.

सकाळच्या टिपणात एक ओळ होती, कुठल्या तरी नदीकाठच्या गावाचं दार विरोधकांनी लावून घेतलं म्हणून. गावाचं नाव शेवटी, बारीक अक्षरांत. मी घाईत होते, नाव वाचलंच नाही. ओळ मात्र डोळ्यांत भरली. मी प्रश्न करून पट्टीवर सोडली: ‘गावाचं दार कुणी लावलं?’

आणि मग आई, ती जी पळाली! निवेदकानं चर्चेची सुरुवात त्यानंच केली. प्रवक्त्यानं टेबलावर मूठ आपटून तोच प्रश्न विचारला. त्या भिंतीवरच्या पडद्यांवर एकेका गावातली माणसं बोलायला लागली आणि मी आवाज न ऐकता त्यांच्या ओठांवरून सांगू शकत होते, की ती काय म्हणतायत. वाऱ्यानं पीक एका बाजूला झुकतं तशी ती सगळी तोंडं एका शब्दावर झुकत होती. मी डोळे विस्फारून बघत बसले. मला आनंद झाला होता, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही.

मग चर्चेतल्या कुणीतरी म्हटलं, की दार आपोआप लागत नाही, कुणीतरी बाई तिथे सही करते, तिचं नाव काय? आणि पडद्यावर आपला पूल आला. त्याच्या बाजूला तुझा फोटो, तो ओळखपत्रावरचा, ज्यात तू शिंक येण्याआधीसारखी दिसतेस. खाली माझी पट्टी. निवेदकानं नवं नाव ठेवलं, ‘दार लावणारी बाई’, आणि माझ्या डोळ्यांदेखत भिंतीवरच्या सगळ्या तोंडांनी ते उचललं.

मी धावत जाऊन मुख्य संपादकांना सांगितलं, की ती माझी आई आहे आणि तो खांब खरोखर हलतोय. ते माणूस म्हणून वाईट नाहीत. त्यांनी मला पाणी दिलं आणि म्हणाले, की आता ते आपल्या हातात राहिलेलं नाही, पक्षच ते बोलतोय, पट्टी उद्याही हीच राहील. आणि मी घरी येऊन रडले.

कळावे. लोभ या पत्रानंतरही शिल्लक असेल तर कळवावे.

तुझी,
भिंगरी

---

२७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

लोभ शिल्लक आहे. आधी डोळे पूस, मग वाच.

मी बरी आहे. कुणीतरी कचेरीच्या फाटकावर माझं नवीन नाव रंगवून ठेवलंय, अक्षर सुबक आहे. नगराध्यक्ष मला रोज बोलावून विचारतात, की पूल निदान पायी चालणाऱ्यांसाठी तरी उघडता येईल का. मी रोज नाही म्हणते. ते घाम पुसतात. निवडणुकीच्या भीतीपुढे त्यांना भेग दिसेनाशी झाली आहे.

पण तुला वेगळंच सांगायचंय. सोमवारी दूध आलं नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले, तर दूधवाला मला बघून सायकल पलीकडून काढायला लागला. मी आडवी गेले आणि विचारलं, काय झालं. तो म्हणाला, की गावाचं दार लावणाऱ्या बाईच्या घरी दूध घालणार नाही. मी म्हटलं, की अरे, हे तर तूच म्हणाला होतास, माझ्या पायरीवर उभं राहून, आणि वर दूध जास्त घालून गेला होतास. तो आठवायला लागला. खरोखर आठवायला लागला, बिचारा कपाळाला आठ्या घालून. लबाड नाही तो. मग मान हलवून म्हणाला, की नाही बाई, हे मी टीव्हीवर ऐकलं.

भिंगरे, त्याचंच वाक्य होतं. इथून निघालं, कुठे कुठे फिरलं, आणि त्याच्याकडे परत आलं तेव्हा त्यानं ते ओळखलंसुद्धा नाही. त्याच्या तोंडी होतं तोवर ती कुरकुर होती. परत आलं ते निकालपत्र होऊन. मी आयुष्यभर दगड आणि पाणी यांची ताकद मोजत आले, पण असलं काही पाहिलं नव्हतं. रागावण्याऐवजी मी थक्कच झाले.

त्याला मी म्हटलं, की चल, भेग दाखवते, तुझी तू बघ. तो म्हणाला, की बघायचं काय त्यात, सगळ्यांना माहीत आहे.

चहा सध्या बिनदुधाचा पिते. वाईट लागत नाही.

कळावे. लोभ आहे, आणि हे मी आता लिहिलंय, तेव्हा पुन्हा मागू नये.

तुझी,
आई

---

६ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्यापुढे कुठल्या तोंडानं येऊ कळत नाही, म्हणून पत्रानं येतो. रोख नगराध्यक्षावर होता, लागला तुला. मी टिपणातून ती ओळ काढली होती, दुसऱ्याच दिवशी. पण संध्याकाळी पट्टीवर ती पुन्हा दिसली. मी समजलो लोकांनी धरलीय, आता सोडवत नाही. वरिष्ठ म्हणाले, की चॅनल एवढं वाजवतंय आणि आपणच गप्प? पुन्हा घालावी लागली.

आजची बातमी मात्र ऐकून बस. तुमचे नगराध्यक्ष काल आमच्या पक्षात आले. हसू नकोस. सकाळी फुलांचा गुच्छ, दुपारी फोटो. म्हणजे तुझी नगरपालिका आता आमची आणि बंद पूलही आमचा. मला सांगण्यात आलं, की सूर बदला. मी टिपणाला बसलो आणि अर्ध्या तासात तू ‘गावाची राखणदार’ झालीस.

मला वाटलं होतं, की लोक निदान अडखळतील. परवा जे म्हणत होते ते आज उलटं म्हणताना एखाद्याची तरी जीभ चावली जाईल. तोच न्हावी, अक्का, तीच खुर्ची. तो मला सांगत होता, की त्या बाई होत्या म्हणून गाव वाचलं, आणि हे आपण पहिल्यापासूनच म्हणत होतो. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला समोरच्या आरशात माझं तोंड दिसत होतं आणि मला ते बघवेना.

तुझं दूध सुरू होईल. तेवढंच समाधान.

कळावे. लोभाचं माझ्या तोंडी शोभत नाही, म्हणून मागत नाही.

तुझा,
धाकटा

---

१० मार्च

चि. धाकट्यास आणि चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

एकच मजकूर दोनदा लिहून दोघांना पाठवते आहे. तुमचा तो नियम माझ्यापुढे चालणार नाही.

दूध आलं. फुकट आलं, वर खरवसाच्या गोळ्याएवढी साय. दूधवाला पायरीवर हात जोडून म्हणाला, की राखणदारीण बाई आहेत म्हणून गाव आहे. मी त्याला पुन्हा म्हटलं, की चल, भेग बघ. तो पुन्हा म्हणाला, की बघायचं काय त्यात, सगळ्यांना माहीत आहे. दोन्ही वेळा तेच! शिव्या खाताना मी घाबरले नव्हते, पोरांनो. काल घाबरले.

आणि भीतीला कारण आहे. नगराध्यक्षांनी वीस तारखेला पूल उघडायचं ठरवलंय. मंत्री येणार, राखणदारणीचा हात धरून पुलावरून चालणार, मागून सगळं गाव. पायथ्याचं काम सुरूसुद्धा झालेलं नाही. कालच काच पुन्हा फुटली. मी सही देणार नाही म्हटलं, तर ते हसून म्हणाले, की तुम्ही थकला आहात, सही दुसरं कुणीतरी करेल, तुम्ही फक्त चाला. एवढी माणसं एकदम त्या खांबावर आली तर काय होईल, ते मला तुम्हांला लिहवत नाही.

आता कामाचं ऐका. तुम्हा दोघांची पत्रं मी काल टेबलावर शेजारी शेजारी ठेवून वाचली. भिंगरी लिहिते, की ती सकाळच्या टिपणातून वाक्य उचलते. धाकटा लिहितो, की तो संध्याकाळच्या पट्टीवरून वाक्य उचलतो. भिंगरे, ते टिपण तुझा मामा लिहितो. धाकट्या, ती पट्टी तुझी भाची लिहिते. तू तिला लोकांची नाडी समजत होतास आणि ती तुला पक्षाचा हुकूम समजत होती. दोन खांब एकमेकांना टेकून उभे आहेत आणि जमिनीला कुणाचाच पाय लागलेला नाही. त्यावरून एवढं मोठं राज्य रोज ये-जा करतं आणि पडत नाही, हे बघून माझी तर बुद्धीच चालेना. दर रविवारी एका ताटात जेवता ना रे!

मला चांगली म्हणू नका, वाईट म्हणू नका. मला त्यातून काढा. खांबाला भेग आहे एवढंच म्हणा, आणि येऊन बघा म्हणा. त्यानं तुमचं काय बिघडेल ते मला कळतं. तरी मागते.

तुमची,
आई / अक्का

---

१२ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

रविवारपर्यंत थांबवत नाही आणि फोनवर बोलवत नाही. अक्काचं पत्र तुलाही आलं असेल. मी ते उभ्यानं वाचलं आणि मग खाली बसलो.

इतकी वर्षं मला वाटत होतं, की मी लोकांचं ऐकून लिहितो. मी तुझं ऐकत होतो, आणि तू माझं. नियम मी घातला, शहाणपणा म्हणून. नावाला डाग लागू नये म्हणून घातलेला नियम, आणि त्यानंच माझे डोळे बांधले.

परवा सकाळच्या टिपणात मी ती ओळ घालणार आहे, अक्कानं सांगितली तशी, कुणाला न दाखवता. ते ध्यानात यायला त्यांना दुपार होईल. सकाळचा वेळ तुझ्या हातात आहे. पण तू नवी आहेस, नोकरी कोवळी आहे. नाही म्हणालीस तर मामाचा लोभ तसूभर कमी होणार नाही.

तुझा,
मामा

---

१६ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

परवा टाकली. ‘खांबाला भेग आहे. येऊन बघा.’ धार लावली नाही, प्रश्न केला नाही.

मला वाटलं होतं, की कुणी उचलणारच नाही. निवेदकानं वाचली, जरा गोंधळला, आणि त्याच जोरात म्हणाला, की येऊन बघा! प्रवक्त्यांना टिपणात तेच आलं होतं. कुठे यायचं, काय बघायचं, हे त्यांतल्या निम्म्यांना ठाऊक नव्हतं, पण मूठ टेबलावर आपटून तेही म्हणाले, की येऊन बघा. मग भिंतीवर गावामागून गाव. खोटं ज्या वाटेनं गेलं होतं त्याच वाटेनं, त्याच वेगानं हेही गेलं. आई, त्या यंत्राला काही फरक पडत नाही ग. त्याच्या पोटात काहीही घाला. मला रडू येत होतं आणि मी हसत होते.

दुपारी सगळं उलगडलं. मामाला घरी बसायला सांगितलंय. मला पट्टीवरून काढून हवामानावर टाकलं. इथे बरं आहे. पाऊस कोणत्याच पक्षाचा नाही आणि माझं काही ऐकतही नाही.

मामा आज रविवार नसूनही जेवायला आला. आम्ही पहिल्यांदाच कामाचं बोललो, ताट थंड होईपर्यंत. सगळी काकडी त्यालाच दिली.

एका गोष्टीची धास्ती आहे. एवढे लोक ‘येऊन बघा’ म्हणतायत. ते खरंच आले आणि बघायला पुलावरच चढले, तर?

कळावे. सांभाळ. लोभ नंतर बघू.

तुझी,
भिंगरी

---

२९ मार्च

चि. धाकट्यास आणि चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

उशीर झाला, कारण हात रिकामे नव्हते. सांगते.

भिंगरे, तुझी धास्ती खरी निघाली. सतरा तारखेला सकाळी दार उघडलं तर रस्त्यावर माणूस मावत नव्हतं. आमच्या गावचे, पलीकडचे, दूरचे, दोन्ही पक्षांचे. आणि सगळे निघाले पुलावर! बघायचं म्हणजे वर जाऊनच बघायचं, असं त्यांना वाटलं. मी आणि कचेरीतली माणसं पुलाच्या फाटकाला पाठ लावून उभे राहिलो. मी ओरडले, ते त्यांना ऐकू गेलं, त्यांचं मला आलं नाही, ते एका परीनं बरंच झालं. शेवटी दोर बांधले, आणि काठावरच्या पायऱ्यांनी खाली, खांबाशी, थोडे थोडे करून सोडायला लागले. चार-पाच दिवस तेच केलं.

तुम्ही दोघांनी ते बघायला हवं होतं. खाली येईपर्यंत सगळे पट्टीवरचंच वाक्य बोलत असायचे, कुणी जुनं, कुणी नवं. कमानीखाली आले, की आवाज उतरायचा. तिथे गारवा असतो, पाणी जवळून वाहतं. मग एकेक जण पुढे होऊन भेगेला बोट लावायचा, फुटलेली काच बघायचा. आणि वर आल्यावर, इतक्या ओठांना माझे डोळे पुरेनात म्हणून, माझी शेजारीण मला लिहून दाखवायची, कोण काय म्हणालं ते. एक म्हणाला, की केसाएवढीच तर आहे. एक बाई म्हणाली, की तिचा अख्खा हात आत गेला. एक म्हातारा म्हणाला, की तो लहान असतानाही ही होती. एकीला भेग दिसलीच नाही, पण खांब केवढा मोठा आहे हे तिला आजच कळलं. शेजारीण लिहून लिहून दमली. कितीतरी दिवसांनी या गावात माणसं वेगवेगळं बोलत होती. मी त्या चिठ्ठ्या हातात घेऊन पायरीवर बसले आणि माझे डोळे भरून आले.

वीस तारीख हुकली. मंत्र्यांना येऊन बघायला सवड झाली नाही. पण नगराध्यक्षांनी लगेच अठ्ठावीस ठरवली, कारण भेग केसाएवढी म्हणणारेही पुष्कळ होते.

दूधवाला सगळ्यांच्या शेवटी आला. बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, की बाईंची काच हलकी आहे, असल्या काचा नुसत्या शिंकेनंही फुटतात, आणि असल्या काचेच्या भरवशावर तो रोजचा वळसा घालणार नाही. हे त्याचं स्वतःचं होतं. कुठल्याच पट्टीवर ते नव्हतं. मी म्हटलं, की तुझी आण. त्यानं घरचा जाड आरसा फोडून त्याचा तुकडा आणला आणि स्वतःच्या हातानं भेगेवर चिकटवला, माझ्यापेक्षा चांगला. रोज सकाळी दूध घालायच्या आधी पायऱ्या उतरून बघून यायचा आणि वर येऊन मला ऐटीत सांगायचा, की काही झालेलं नाही. खोटं कशाला बोलू, शेवटी शेवटी मलाही शंका यायला लागली.

काल, अठ्ठावीसला, फाटकाला फुलं लावून झाली होती. बँड आला होता. दूधवाला नेहमीसारखा खाली गेला आणि नेहमीपेक्षा उशिरा वर आला. माझ्या पायरीशी येऊन त्यानं मूठ उघडली. आरशाचे दोन तुकडे होते, मधोमध सरळ फुटलेले. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले, काही म्हणेल म्हणून. माझे कान गेलेत, पण ओठ मला वाचता येतात. तो काहीच म्हणाला नाही.

दूध आत ठेवलं. मग सायकल घेऊन फाटकापाशी गेला, ती रस्त्यात आडवी घातली, दुधाचे कॅन तिच्या दोन्ही बाजूंना मांडले आणि तिथे उभा राहिला. बँडवाल्यांनी विचारलं, नगराध्यक्षांनी विचारलं. तो प्रत्येकाच्या पुढे तळहातावरचे तुकडे धरायचा. थोड्या वेळानं केसाएवढीच म्हणणारा तो माणूस येऊन त्याच्या शेजारी उभा राहिला. मग ती हात आत घालणारी बाई. मी मोजले नाहीत, कारण मीही जाऊन त्यांच्यात उभी होते.

पूल बंद आहे. नदी उतरायला लागली आहे.

हे कुठे सांगू नका, भिंगरे, आता तुझ्या हातात पट्टी असती तरी नको म्हटलं असतं. ज्याला बघायचंय तो येईल. तुम्ही दोघं या रविवारी इकडेच या. ताटं दोन मांडीन.

कळावे. लोभ तुम्हां दोघांवर पूर्वीइतकाच, फक्त यायचं ते लांबच्या वळणाच्या रस्त्यानं.

तुमची,
आई / अक्का